युक्लिड गावच्या रेघा

भूमितीच्या तासाला ज्याच्या नावाने मुलांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्या युक्लिडच्या नावाचे एक गाव अमेरिकेत आहे. ओहायो राज्यात, एरी सरोवराच्या काठी, क्लीव्हलँड शहराला पूर्वेकडून लागून ते वसले आहे. १७९६ साली मोजिस क्लीव्हलँड नावाचा गृहस्थ मोजणीदारांची तुकडी घेऊन या रानात आला. रान दाट, दलदल, डास, आणि पगार बेताचा. तेव्हा मोजणीदारांनी कामच थांबवले. त्यांची समजूत घालण्यासाठी सरोवराकाठचा जमिनीचा एक तुकडा त्यांना सवलतीने देऊ केला गेला, आणि त्या भल्या माणसांनी आपल्या धंद्याचा आद्य गुरू म्हणून त्या जागेला युक्लिडचे नाव दिले. पुढे सव्वाशे वर्षांनी याच गावच्या कौन्सिलने नकाशावर काही रेघा ओढल्या. त्या रेघांवरून उभा राहिलेला खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि त्याच्या निकालानंतर त्या देशातील हजारो गावांनी आपापल्या नकाशांवर तशाच रेघा ओढल्या. आजही तेथील नगररचनेचे शास्त्री अशा आखणीला ‘युक्लिडी’ म्हणतात. बिचाऱ्या ग्रीक पंडिताचा या भानगडीशी काडीचाही संबंध नाही.

दिवाळीच्या अंकात हा परदेशी खटला कशाला, असे कोणी विचारील. दिवाळीला लेकी-सुना, नातवंडे, भाचरे एका छपराखाली गोळा होतात, म्हणून तो येथे सांगावासा वाटतो. कारखान्याचा धूर घरापर्यंत येऊ नये एवढ्या साध्या इच्छेतून ही गोष्ट सुरू झाली, आणि आजीने कोणते नातवंड आपल्या घरी ठेवावे या प्रश्नापर्यंत जाऊन पोहोचली.

आपल्याकडे गावाची अशी विभागणी करायला कौन्सिलचा ठराव कधी लागला नाही. तांबट आळी, साळी आळी, बुरूड आळी ही नावे सांगतात की धंदा आणि घर एकाच ओसरीवर नांदत होते. ठोके पडायचे ते तांबट आळीतच, आणि तेथल्या पोरांना त्या ठोक्यांतच झोप लागायची. पण याच गावांनी महार-मांगांची घरे वेशीबाहेर ठेवली, आणि ती रेघ कोणत्याही नकाशावर न काढता पिढ्यान्‌पिढ्या कोणाला ओलांडू दिली नाही. तेव्हा अमेरिकेतल्या रेघांकडे बघताना आपण फार वरच्या पायरीवर उभे राहून बघण्याचे कारण नाही. कायद्याने गाव आखण्याची सुरुवात मुंबई इलाख्यात १९१५ च्या नगररचना कायद्याने झाली. आज नगरपालिकेच्या विकास आराखड्यात आपले शेत पिवळ्या पट्ट्यात आले की हिरव्या, यावरून भावाभावांत अबोला धरला जातो तो १९६६ च्या कायद्याचा प्रताप. असो.

युक्लिड गाव १९२० च्या सुमारास अगदी लहान होते. वस्ती पाच ते दहा हजारांच्या दरम्यान, क्षेत्र बारा-चौदा चौरस मैल, आणि त्यातला बराचसा भाग शेती किंवा नुसती पडीक जमीन. पण शेजारचे क्लीव्हलँड मात्र फुगत चालले होते. १९२० च्या शिरगणतीत त्याची वस्ती आठ लाखांच्या घरात गेली, आणि देशातले ते पाचव्या क्रमांकाचे शहर ठरले. पोलाद, तेल, मोटारी यांचे कारखाने लोहमार्ग धरून पूर्वेकडे सरकत होते. क्लीव्हलँडमधून युक्लिड गावाकडे जाणाऱ्या रस्त्याचे नावही युक्लिड अ‍ॅव्हेन्यू. शहरातल्या त्याच्या भागावर एके काळी कोट्यधीशांचे वाडे होते. तेलाचा राजा रॉकफेलर तेथेच राहत असे. मग दुकाने आली, कचेऱ्या आल्या, आणि एकेक वाडा पडू लागला. जे वाड्यांचे झाले ते आपल्या बंगल्यांचे होईल, ही धास्ती गावातल्या घरमालकांना वाटली तर नवल नव्हते.

१३ नोव्हेंबर १९२२ रोजी गावच्या कौन्सिलने नियम मंजूर केला. साऱ्या गावाचे वापराप्रमाणे सहा वर्ग पाडले. पहिल्या वर्गात एका कुटुंबाचे स्वतंत्र घर, दुसऱ्यात दोन कुटुंबांचे, तिसऱ्यात भाडेकरूंच्या मोठ्या इमारती आणि त्यांच्याबरोबर हॉटेले, देवळे, शाळा, ग्रंथालये. चौथ्यात दुकाने, कचेऱ्या, नाटकगृहे. पाचव्यात वखारी आणि लहान कारखाने, आणि सहाव्यात मोठे कारखाने, गॅसच्या टाक्या, भंगार, स्मशाने, तुरुंग. शिवाय इमारतींच्या उंचीचे तीन वर्ग आणि जागेच्या आकाराचे चार. मांडणी आपल्याकडच्या उतरंडीसारखी होती. खालच्या मडक्यात वरच्याला जागा असे, पण वरच्या मडक्यात खालच्याला नसे. कारखान्याच्या पट्ट्यात कोणी घर बांधले तर चालत होते, पण घरांच्या पट्ट्यात कारखाना, दुकान किंवा भाड्याची इमारत यांपैकी काहीही चालणार नव्हते. उतरंडीच्या अगदी माथ्यावर एका कुटुंबाचे, चहूबाजूंनी अंगण असलेले घर बसवले होते.

अँब्लर रिअल्टी नावाच्या जमिनीचा व्यापार करणाऱ्या कंपनीची गावाच्या पश्चिम टोकाला ६८ एकर जमीन होती. दक्षिणेला युक्लिड अ‍ॅव्हेन्यू, उत्तरेला लोहमार्ग. लोहमार्गाकाठची जमीन म्हणजे कारखान्याची जमीन, हे गणित करून कंपनीने ती वर्षानुवर्षे राखून ठेवली होती. कौन्सिलच्या रेघा या जमिनीच्या मधूनच गेल्या. रस्त्यापासून आत ६२० फुटांपर्यंत दोन कुटुंबांच्या घरांचा पट्टा, त्यापुढे १३० फुटांचा भाडेकरूंच्या इमारतींचा पट्टा, आणि उरलेल्या भागात कारखाने. कंपनीचे म्हणणे असे की कारखान्यासाठी एकराला दहा हजार डॉलर येतात आणि घरांसाठी अडीच हजार. कौन्सिलने एक पैसा न देता आमचा तीन चतुर्थांश माल हिरावला, आणि राज्यघटनेला हे मान्य नाही.

यात एक गंमत आहे. कंपनीने त्या जमिनीवर काही बांधण्याची परवानगी मागितली नव्हती, आणि ती कोणी नाकारलीही नव्हती. नियम अस्तित्वात आहे, एवढ्यावरच ती कोर्टात गेली. म्हणून खटला एका जमिनीचा न राहता नियमाच्या मुळाशी गेला. आपल्या गावात घर कोठे आणि कारखाना कोठे, हे कौन्सिलला ठरवता येते की नाही, एवढाच प्रश्न उरला.

दोन्हीकडचे वकील बघण्यासारखे होते. कंपनीच्या बाजूने न्यूटन बेकर. हे क्लीव्हलँडचे एके काळचे नगराध्यक्ष, आणि पहिल्या महायुद्धात अध्यक्ष विल्सन यांचे युद्धमंत्री. सुधारकांमध्ये त्यांची गणना होई. गावाच्या बाजूने जेम्स मेट्झेनबॉम. त्यांचे नाव गावाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते, पण नियमाच्या घडणीत त्यांचा हात होता आणि त्यावर त्यांची जिवापाड श्रद्धा होती.

पहिली सुनावणी क्लीव्हलँडच्या संघीय जिल्हा न्यायालयात न्यायमूर्ती वेस्टेनहेव्हर यांच्यापुढे झाली. हे आणि बेकर एके काळी एकाच ठिकाणी भागीदारीत वकिली करीत. आजच्या रीतीने पाहिले तर भुवया वर जातील. न्यायमूर्तींचे दुसरे एक काम इतिहासात नोंदले गेले आहे. १९१८ साली युद्धविरोधी भाषणाबद्दल समाजवादी पुढारी युजीन डेब्स यांना दहा वर्षांची शिक्षा ठोठावणारे ते हेच. या गृहस्थांनी जानेवारी १९२४ मध्ये गावाच्या विरुद्ध निकाल दिला. नियम रद्द.

पण त्या निकालात त्यांनी जाता जाता एक गोष्ट लिहून ठेवली, आणि मला वाटते साऱ्या खटल्यात तिच्याइतके खरे दुसरे कोणी बोलले नाही. या नियमाचा अंतिम परिणाम म्हणजे लोकांची त्यांच्या उत्पन्नाप्रमाणे वर्गवारी करून त्यांना वेगवेगळे वसवणे हा आहे, असे ते म्हणाले. त्याआधी १९१७ साली लुईव्हिल शहराचा एक नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला होता. गोऱ्यांच्या वस्तीत काळ्यांनी आणि काळ्यांच्या वस्तीत गोऱ्यांनी राहायला जायचे नाही, असा तो नियम होता. कातडीच्या रंगावरून रेघ ओढता येत नसेल तर घराच्या आकारावरून कशी ओढता येईल, असा वेस्टेनहेव्हर यांचा प्रश्न होता. मात्र याच निकालात त्यांनी असेही गृहीत धरले आहे की काळे लोक वस्तीत आले म्हणजे जमिनीचे भाव पडतात ही सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. एकाच लेखणीतून हे दोन्ही उतरले. माणसे अशीच असतात. एका डोळ्याने स्पष्ट दिसते आणि दुसऱ्यावर झापड असते.

गाव सर्वोच्च न्यायालयात गेले. जानेवारी १९२६ मध्ये सुनावणी झाली. सरन्यायाधीश होते विल्यम टॅफ्ट, म्हणजे अमेरिकेचे माजी अध्यक्षच. बेकर यांचे बोलणे ऐकून मेट्झेनबॉम अस्वस्थ झाले. आपण पुरते उत्तर दिले नाही, असे त्यांच्या मनाने घेतले. परतीच्या प्रवासात बर्फाचे वादळ सुरू असताना त्यांनी गाडीतच तारेचा मजकूर लिहिला, आणि आणखी एक लेखी उत्तर दाखल करण्याची परवानगी थेट सरन्यायाधीशांकडे मागितली. टॅफ्ट यांनी ती दिली. त्याच सुमारास सिनसिनाटीचे वकील आल्फ्रेड बेटमन यांनीही मुदत उलटून गेल्यावर टॅफ्ट यांची परवानगी मिळवून, नगररचनाकारांच्या संस्थांच्या वतीने एक निवेदन दाखल केले. बेटमन यांची मांडणी थंड डोक्याची होती. उपद्रव झाल्यावर शेजाऱ्याने फिर्याद करावी हा जुना कायदा. त्यापेक्षा उपद्रव होऊच नये अशी गावाची आखणी आधी करावी, यात नवीन ते काय? पिठाची गिरणी घरालगत सुरू झाली की भिंती हादरू लागतात आणि मग दहा वर्षे कोर्टकचेरी चालते, हे ज्याने पाहिले आहे त्याला हा मुद्दा समजावून सांगावा लागणार नाही.

ऑक्टोबर १९२६ मध्ये खटल्याची पुन्हा सुनावणी झाली, आणि २२ नोव्हेंबरला निकाल लागला. सहा विरुद्ध तीन मतांनी गाव जिंकले. निकाल लिहिला न्यायमूर्ती सदरलँड यांनी. हे एरवी मालमत्तेच्या हक्काचे खंदे पुरस्कर्ते, म्हणून सर्वांनाच आश्चर्य वाटले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: पन्नास वर्षांपूर्वी असे नियम जुलमी वाटले असते, पण मोटारी आल्यावर रस्त्याचे नियम जसे आवश्यक झाले तसे शहरे वाढल्यावर हेही झाले. घटनेचा अर्थ बदलत नाही, तो लागू करण्याचे क्षेत्र बदलते. उपद्रव म्हणजे पुष्कळदा चांगलीच वस्तू, पण चुकीच्या जागी ठेवलेली. डुक्कर गोठ्याकडे असायचे ते दिवाणखान्यात आले, असा दाखला त्यांनी दिला.

येथपर्यंत कोणाचेही दुमत नसावे. कारखाना आणि पाळणा शेजारी शेजारी नसावेत. पण सदरलँड पुढे गेले आणि भाडेकरूंच्या इमारतींकडे वळले. एका कुटुंबाच्या घरांनी वस्ती रमणीय झाली की तिचा लाभ उठवायला ही इमारत येते, एखाद्या बांडगुळासारखी. एकीमागून दुसरी येते. ऊन अडते, वारा अडतो, रहदारी वाढते, मुलांना खेळायला निवांत मोकळी जागा उरत नाही. वेगळ्या जागी ज्या इमारतींना कोणी नावे ठेवली नसती, त्या येथे उपद्रवाच्या जवळ जाऊन बसतात.

बांडगूळ हा शब्द त्यांनी इमारतीला वापरला. पण इमारतीत माणसे राहतात. त्यांची मुलेही खेळणार असतात, त्यांनाही ऊन लागते. स्वतंत्र घर विकत घेण्याची ऐपत नसलेला कारकून, शिक्षिका, कारखान्यातला फिटर, नुकते लग्न झालेले जोडपे, यांचा या खटल्यात कोठेही उल्लेख नाही. एका बाजूला जमिनीचा व्यापारी होता, दुसऱ्या बाजूला घरमालकांचे कौन्सिल. ज्यांना गावात यायचे होते पण अजून आले नव्हते, त्यांच्या वतीने वकीलपत्र कोणी घेतले नव्हते. घेणार तरी कसे? जो गावात नाही त्याला मत नाही. कौन्सिलचे सभासद निवडून देणारे सारे आधीच रेघेच्या आत होते. नगरपालिकेच्या कारभाराची ही अडचण अमेरिकेची एकट्याची नव्हे. मुंबईच्या चाळींतून ज्यांची आयुष्ये गेली, त्या आपल्या लोकांना तर तो बांडगूळ शब्द थोडा टोचावा. चाळीच्या गॅलरीत जितका शेजार नांदला तितका किती बंगल्यांच्या कुंपणांवरून नांदला?

निकालानंतर अमेरिकेत जे झाले ते झपाट्याने झाले. हूवर व्यापारमंत्री असताना त्यांच्या खात्याने राज्यांसाठी एक नमुना कायदा तयार करून ठेवलाच होता. एकामागून एक राज्यांनी तो उचलला, आणि गावोगावच्या कौन्सिलांनी नकाशे रंगवले. १९२८ साली केंब्रिज शहराच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एका मालकाच्या जमिनीपुरता नियम अन्याय्य ठरवला, आणि मग ते जवळजवळ अर्धे शतक या विषयाकडे फिरकलेच नाही. अँब्लर कंपनीच्या जमिनीचे म्हणाल, तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे कारखानाच उभा राहिला, आणि युद्धानंतर तेथे जनरल मोटर्सचे काम चाले. ज्या जमिनीसाठी एवढे रण माजले, तिच्यावर घरे काही झाली नाहीत.

१९७४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या बेल टेअर नावाच्या चिमुकल्या गावाचा खटला आला. सारी मिळून सुमारे २२० घरे. गावात एका कुटुंबाच्या घरांखेरीज दुसरे काहीच बांधायचे नाही असा नियम होता. आता ‘एक कुटुंब’ म्हणजे कोण, हे लिहिणे ओघाने आलेच. रक्ताने, दत्तकाने किंवा लग्नाने जोडलेली कितीही माणसे. तशी जोडलेली नसतील तर फक्त दोन. एका मालकाने आपले घर सहा विद्यार्थ्यांना भाड्याने दिले होते. ते एकमेकांचे कोणी लागत नव्हते. न्यायालयाने गावाची बाजू घेतली. न्यायमूर्ती थरगूड मार्शल यांनी विरोधी मत लिहिले. बारा माणसांचे नातेवाईक खटले चालते आणि तीन परकी म्हातारी माणसे एकत्र राहिलेली चालत नाहीत, हे कसे, असा त्यांचा रोख होता.

तीन वर्षांनी गोष्ट पुन्हा त्याच युक्लिड अ‍ॅव्हेन्यूवर आली. क्लीव्हलँडला लागून, युक्लिड गावापासून काही मैलांवर ईस्ट क्लीव्हलँड नावाची नगरपालिका आहे, आणि हाच रस्ता तिच्यातून जातो. तेथे मूर आडनावाच्या एक आजी स्वतःच्या घरात राहत. बरोबर त्यांचा एक मुलगा, त्या मुलाचा मुलगा, आणि दुसऱ्या मुलाचा एक मुलगा. या दुसऱ्या नातवाची आई वारली होती, म्हणून तो लहानपणीच आजीकडे आला होता. आपल्याकडे यात सांगण्यासारखेही काही नाही. अशी घरे प्रत्येक आळीत आहेत.

नगरपालिकेने मात्र कुटुंबाची व्याख्या बारकाईने लिहिली होती. एका मुलाचे पोर आजीच्या घरी राहिलेले चालेल. दोन मुलांची पोरे राहिलेली चालणार नाहीत. म्हणजे सख्खे भाऊ असते तर हरकत नव्हती, चुलतभाऊ होते म्हणून आड आले. १९७३ च्या आरंभी आजींना नोटीस आली की दुसरा नातू घरात बेकायदा राहतो आहे. त्यांनी त्याला बाहेर काढायला नकार दिला. नगरपालिकेने फौजदारी खटला भरला, आणि कोर्टाने आजींना पाच दिवसांची कैद आणि पंचवीस डॉलर दंड सुनावला. येथे रंगभेदाचे सरळ उत्तरही पुरे पडत नाही. ईस्ट क्लीव्हलँडमध्ये त्या वेळी काळ्यांचीच बहुसंख्या होती, आणि कारभारही त्यांच्याच हाती होता. एकदा उतरंडीच्या माथ्यावर बसलेले ते ‘एका कुटुंबाचे घर’ जो कोणी कारभारावर येईल त्याला सांभाळावेसे वाटते, असे दिसते.

गर्दी, मोटारींची रहदारी आणि शाळांवरचा भार कमी व्हावा म्हणून हा नियम आहे, असे नगरपालिकेने सांगितले. न्यायमूर्ती पॉवेल यांनी त्यावर दाखवून दिले की या नियमाने नवराबायको आणि त्यांची अर्धा डझन अविवाहित मुले, प्रत्येकाची वेगळी मोटार घेऊन, खुशाल राहू शकतात. पण वयात आलेली बहीण आणि भाऊ एका घरात राहू शकत नाहीत, मग त्यांच्याकडे मोटार नसली आणि ती दोघे बसने जात असली तरी. मामा, काका, मावश्या, आजी-आजोबा यांनी मिळून घर चालवण्याची परंपरा आईबाप आणि मुले यांच्या घराइतकीच जुनी आणि मानाची आहे, असे त्यांनी लिहिले. आपल्या एकत्र कुटुंबावर आपण पुष्कळ लिहितो. त्याची अशी कैफियत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात मांडली गेली, हे वाचून मला मोठी मौज वाटली.

निकाल ३१ मे १९७७ रोजी लागला, आणि पाच विरुद्ध चार मतांनी आजी जिंकल्या. विरोधात गेलेले सरन्यायाधीश बर्गर यांचे म्हणणे असे की नियमातून सूट देणारे एक मंडळ नगरपालिकेकडे होते, आजींनी आधी तेथे अर्ज करायला हवा होता. बाजूच्या पाचांपैकी चौघांनी कुटुंबाच्या पावित्र्यावर भर दिला. पाचवे मत न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांचे. त्याशिवाय आजी हरल्या असत्या. त्यांनी कुटुंबाचा मुद्दा बाजूला ठेवला, आणि सदरलँड यांचा १९२६ चा निकालच हाती घेऊन म्हटले की आपल्या मालकीच्या घरात कोणाला राहू द्यावे हे ठरवण्याचा मालकाला हक्क आहे, आणि तो हिरावून घेण्याजोगे कोणतेही सार्वजनिक हित येथे नाही. एक्कावन्न वर्षांपूर्वी याच रस्त्यावर अँब्लर कंपनी मालकीच्या ज्या हक्काचे नाव घेऊन हरली होती, त्याच हक्कावर नातवाला आजीच्या घरी राहता आले.